चाकं मिळतील, मुक्कामाचं काय?

जुनं चाकांवरचं घर विकत घ्यायचं, मोटारीमागे जोडायचं आणि कायमचं त्यातच राहायचं, ही कल्पना अमेरिकेत आता जुनी झाली आहे. वॉली बायम यांनी १९३१ मध्ये 'एअरस्ट्रीम' कंपनी काढली. त्या कंपनीच्या गोलसर, ॲल्युमिनियमच्या गाड्या लोक आजही हुडकून काढतात, दुरुस्त करतात आणि त्यांत संसार मांडतात. इंग्लंडात तर गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरांनी १८८५ मध्येच केवळ भटकण्यासाठी घोड्यांनी ओढायचं घर बांधून घेतलं होतं. पण वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्यात हा विषय निघाला की मन दुसरीकडेच जातं. पोहरादेवी याच तालुक्यात आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे, आणि बैलांच्या पाठीवर अख्खा संसार लादून देशभर फिरलेल्या बंजारा समाजाची ती काशी आहे.

म्हणून एका मामा-भाचीचं बोलणं इथे मांडतो. मामा एसटीच्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. तालुक्यातल्या एका तांड्यावर त्यांचं घर आहे, थोडी कोरडवाहू शेती आहे. भाची पुण्यात एका कंपनीचं काम संगणकावर करते, आणि ते काम कुठूनही केलं तरी चालतं. एरवी दोघं गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलतात. मी बसलो होतो म्हणून मराठीत बोलत होते. नागपूरच्या एका यार्डात पडून असलेली जुनी कॅरावॅन घ्यायची, पुण्यातली भाड्याची खोली सोडायची आणि तिच्यातच राहायचं, असं भाचीनं ठरवत आणलं होतं.

भाची : पत्रा शाबूत आहे मामा, कुठे पोचासुद्धा नाही. सोळा फूट लांब, दोन चाकं. आत झोपायला ओटा, छोटं सिंक, वर कपाटं. मालक म्हणतो, चाळीस वर्षांपूर्वी वडिलांनी हौसेनं बनवून घेतली होती.

मामा : पत्रा काय पाह्यतं, बाई? ॲल्युमिनियम नाही सडत, त्याच्या मांगचं सडते. असल्या जुन्या बॉडीत पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा राह्यते. टपाच्या जोडातून, रिव्हेटच्या भोकातून पाणी शिरते अन् वर्षानुवर्षं आतल्या आत मुरते. बाहेरून गाडी नवरीसारखी दिसते. तू खिडकीखालचा कोपरा अंगठ्यानं दाबून पाह्यला का? टपाच्या कडा? दाराचा उंबरा?

भाची : नाही.

मामा : मंग आधी तेच कर. दाबल्यावर अंगठा आत गेला तं समज, घराच्या नावानं भुसा घेऊन राह्यली. खाली शिरून चेसिस पाह्य. कमानपाटे बसले आहेत का, हबमध्ये ग्रीस आहे का वाळून दगड झालं, हे पाह्य. इतकी वर्षं उभ्या गाडीचे टायर वरून गोटीसारखे दिसले तरी बाजूनं तडकलेले राह्यतात. समृद्धी महामार्गावर एक फुटला तं मांगची गाडी पुढच्या गाडीले घेऊन लोळते.

भाची : टायर-बेअरिंग नवीनच टाकणार आहे. लाकूड सडलं असेल तर सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपचा करून घेऊ. त्यासाठी तर तुम्हाला विचारतेय.

मामा : पाइपनं वजन वाढते. वजन मांगं गेलं तं गाडी शेपूट हलवल्यासारखी डुलते, पुढं जास्त आलं तं मोटारीचं बूड दाबते. पूर्ण वजनाच्या दहातला एक, फार तं दीड हिस्सा हुकावर पडला पाह्यजे. तुझं पाणी, बॅटरी, गॅसची टाकी कुठं ठेवतं, त्यावर हे सारं. अन् आरसी बुक?

भाची : मालक शोधतोय.

मामा : शोधू दे. सापडेपर्यंत एक रुपयाही देऊ नको. ट्रेलरले स्वतःची नोंदणी लागते, स्वतःचा नंबर लागते. मोटारीच्या कागदावर मांगची गाडी चालत नाही.

भाची : पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना वेगळी विंटेज नोंदणी निघालीय ना? तोवर ही दहा वर्षं काढेल.

मामांना हे सगळं ठाऊक होतं. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं केलेला तो नियम पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी आहे. नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात आणि नोंदणी दहा वर्षांची असते. पण अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, इंधन भरायला किंवा दुरुस्तीलाच रस्त्यावर आणता येते, रोज वापरता येत नाही. म्हणजे जिच्यात राहायचं आहे ती गाडी विंटेज म्हणून नोंदवली, तर तिच्यात राहणंच नियमाबाहेर जातं. साध्या नोंदणीत खासगी गाडीला पंधरा वर्षं आणि मग दर पाच वर्षांनी तपासणी. शिवाय मूळ रचना बदलायची तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. जुनं चाकांवरचं घर घेणाऱ्यानं रंग आणि पडदे निवडण्याआधी एवढा अभ्यास करावा, असं मला मनापासून वाटतं. फसणारे बहुतेक कागदांतच फसतात.

भाची : कागद होतील मामा, नाही झाले तर ही सोडून दुसरी बघेन. तुमचं मन गाडीवर अडलेलं नाही, ते मला कळतंय. तुम्हाला माझं फिरणंच नको आहे. आणि ते तुम्ही म्हणावं? आपले लोक काय करत होते? वऱ्हाडचा कापूस पार मिर्झापूरपर्यंत लदेणीनं, बैलांच्या पाठीवरून जायचा. येताना मीठ, धान्य. आपलं घर चालतंच होतं की.

मामा : चालत होतं. पण कोणाचं चालत होतं, ते सांग. एकट्याचं? एका तांड्यात शेकडो माणसं, हजारो बैल. पुढं नायक, त्याच्या हाताखाली कारभारी. कोणाची बाई बाळंत झाली तं तांडा थांबे. कोणी मेलं तं तांडाच रडे. अन् पावसाळ्यात चार महिने एका जागी मुक्काम, बैलायले चारा, पोरायचे लग्न. तू जे सांगून राह्यली त्यात बैल आहे, गोणी आहे, पण तांडा कुठं आहे?

भाची : माझ्यासारखे अजून आहेत. भेटतील रस्त्यात.

मामा : रस्त्यात भेटते तो वाटसरू. अन् लखीशाह वणजाऱ्याची गोष्ट माहीत आहे ना तुले? एवढा मोठा लदेणीवाला, पण दिल्लीत त्याचं घर होतंच.

भाची : माहीत आहे. आणि १६७५ मध्ये गुरू तेगबहादुरांचा देह घरी आणून अंत्यसंस्कारासाठी ते घर त्यानं स्वतःच्या हातानं पेटवून दिलं, तेही माहीत आहे. रकाबगंज गुरुद्वारा तिथेच आहे. मोह असता तर पेटवलं असतं का?

मामा : पेटवायले तरी घर लागते, पोरी.

या उत्तरावर भाची गप्प झाली. मला मात्र मामांच्या आधीच्या बोलण्यातला 'मुक्काम' धरून ठेवावासा वाटला, कारण सगळा प्रश्न तिथेच अडलेला आहे. शहाजहानच्या दख्खन मोहिमेत, १६३० च्या सुमारास, मोगल फौजेला रसद पुरवणाऱ्या जंगी आणि भंगी या दोन नायकांना सनद मिळाल्याची कथा बंजारा समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सोन्याच्या अक्षरांत कोरलेला ताम्रपट, असं तिचं वर्णन. लोक तिच्यातल्या खुनाच्या माफीबद्दल चवीनं बोलतात. मला तिच्यातल्या साध्या सवलती मोठ्या वाटतात. वाटेतल्या गावात रांजणातलं पाणी घेता येईल आणि छपराचं गवत घेता येईल. बैल कितीही असोत, थांबल्या जागी पाणी आणि चारा मिळाला नाही तर लदेणी दुसऱ्या दिवशी संपली. फिरणाऱ्या माणसाला सगळ्यांत आधी थांबण्याचा हक्क लागतो, आणि त्या कथेत तो राजानं मान्य केलेला आहे. मी तसं बोलूनही दाखवलं.

भाची : मग तो हक्क गेला कुठे, ते पण बोला. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली आणि लदेणीचं पोट गेलं. मग इंग्रजांनी जंगलं राखीव केली, चराई गेली. त्याआधीच १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आलेला. फिरतो तो चोर, असं सरकारनं कागदावर लिहून ठेवलं. तो रद्द व्हायला ऑगस्ट १९५२ उजाडला. मामा, तुम्ही माझ्या गाडीला नाही म्हणता त्यात थोडा तो कायदा बोलतोय.

मामा : असंल. पण आम्ही त्यातून निघालो कसे? थांबून निघालो. गहुलीच्या तांड्यावर १९१३ साली जन्मलेलं पोरगं १९६३ ले या राज्याचं मुख्यमंत्री झालं, अकरा वर्षं राह्यलं. वसंतराव नाईक बैलामांगं फिरत राह्यले असते तं झाले असते? घर झालं म्हणून शाळा झाली. शाळेच्या दाखल्यावर गाव लागलं, राशन कार्ड झालं, मतदान झालं, सातबाऱ्यावर नाव आलं. अन् तू म्हणतं, पत्ता नको.

भाची : पत्ता नको असं मी म्हटलेलंच नाही. पत्ता कागदावर राहू दे की. फक्त राहणं गाडीत.

मामा : कार्डावर एक अन् राहणं एक. हे करणारी तू पहिली नाहीस.

मामांच्या या वाक्यावर बोलणं वेगळ्या वाटेला लागलं. वाशीम, यवतमाळ, हिंगोलीच्या अनेक तांड्यांवर दिवाळीनंतर गेलात तर निम्मी दारं कुलपात असतात. माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. नवरा-बायकोच्या जोडीचा एक 'कोयता' धरतात, मुकादम आधी उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, धान्य, अंथरूण, शेळी, पोरं असं सगळं चढतं. कारखान्याजवळ पाचटाची कोपी उभी राहते. बाई पहाटे अंधारात भाकरी थापते आणि पोर ट्रॉलीतच झोपतं. यांचं कायमचं घर कोणतं? तांड्यावरचं, की वर्षातले पाच-सहा महिने ज्यात जातात ते?

भाची : हेच म्हणते मी. स्थिर घर, स्थिर घर करतो आपण, आणि अर्धा तांडा ट्रॉलीत राहतो. माझ्या गाडीला निदान दार आहे, खिडकी आहे, संडास आहे.

मामा : त्याइच्याशी तुझी तुलना करू नको. ते नाइलाजानं जातात. तू हौसेनं जातं.

भाची : मी हौसेनं नाही जात. पुण्यात दोन खोल्या घ्यायच्या तर वीस वर्षं हप्ते भरायचे. तीही उचलच की. मुकादमाऐवजी बँक.

मामा : असं बोलू नको. बँक तुझ्या पोरीची शाळा बुडवत नाही. बँकेचा माणूस तुले पहाटे तीनले उठवून मोळी डोक्यावर देत नाही.

या ठिकाणी मी पूर्णपणे मामांच्या बाजूचा आहे. गृहकर्ज जड असतं, पण नोकरी करणाऱ्या माणसानं त्याला उचल म्हणू नये. उचलीत घेतलेल्या पैशाबरोबर माणसाचं चालणं-थांबणंही दुसऱ्याच्या हाती जातं. भाचीलाही ते कळलं असावं. तिनं तो मुद्दा पुन्हा काढला नाही. मात्र तिच्या बोलण्यात एक धागा खरा होता, तो सोडून चालणार नाही. ट्रॉलीत राहणाऱ्याला नीट दार, खिडकी आणि संडास असलेलं चाकांवरचं घर का नसावं, याचा विचार आपण केलेलाच नाही. हंगामी कामगाराला चांगला मुक्काम देणं आणि त्याला जागेवर काम देणं, ही दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात.

सरकारला या बाबतीत दोनच माणसं दिसतात. एक पर्यटक. त्याच्यासाठी महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅरावॅन पार्क आहेत, तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृहं अपेक्षित आहेत. दुसरा, स्थिर व्हायला निघालेला भटका-विमुक्त. त्याच्यासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे: कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर. दोन्ही योजना हव्यातच. पण पर्यटक नसलेला आणि स्थिरही न होणारा माणूस यांपैकी कुठेच बसत नाही. भाची त्यात येते, फड घेऊन गावोगाव जाणारे तमाशा कलावंत येतात, पालं टाकून राहणारे घिसाडी येतात.

मामा : बरं, एक सांग. एप्रिलमध्ये आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जाते. पत्र्याच्या डब्यात दुपारी दोनले काय करतं?

भाची : पत्र्याच्या आत दोन इंच पफ भरणार. टपावर साडेपाचशे वॉटचे दोन सोलर पॅनल, टपापासून चार बोटं वर उचलून, म्हणजे खालून हवा खेळेल आणि टपावर सावली पडेल. उन्हाळ्यात दिवसाला चार-पाच युनिट येतात. लॅपटॉप, पंखा, छोटा फ्रिज आरामात चालतो.

मामा : अन् एसी?

भाची : एक टनाचा एसी अख्खी दुपार चालवला तर बॅटरी संध्याकाळीच बसेल. एप्रिल-मेमध्ये वरती जाईन, चिखलदऱ्याला किंवा महाबळेश्वरला.

मामा : म्हणजे तूही ऋतू पाहून जाणार. हे पटलं. पाणी?

भाची : शंभर लिटरची टाकी. काटकसरीनं वापरलं तर चार-पाच दिवस.

मामा : भरशील कुठं? फेब्रुवारी संपला की इकडं गावंच टँकरची वाट पाह्यतात. कोणत्या तोंडानं विहिरीवर जाऊन शंभर लिटर मागतं? अन् संडासाची पेटी कुठं रिकामी करतं? नाल्यात?

भाची : नाल्यात नाही. ते मला अजून सुटलेलं नाही. पेट्रोल पंप, धाबे, मंदिरं... मोठ्या पंपावर विचारून होतं, असं लोक सांगतात.

मामा : विचारून. म्हणजे रोज कोणाच्या तरी मर्जीवर. अन् एकटी बाई, रात्री अकराले पंपावर. तो 'हो' म्हणेल त्याची भीती जास्त का 'नाही' म्हणेल त्याची, तूच सांग.

यावर तिच्याकडे तयार उत्तर नव्हतं, आणि तिनं ते बनवलंही नाही. मला ती त्यामुळे जास्त आवडली. भीती खरी आहे. पण ती एकट्या बाईला भाड्याच्या खोलीतही असते, हेही तितकंच खरं आहे. तमाशाच्या फडातल्या बायका हंगामभर ट्रकच्या आणि कनातीच्या आसऱ्यानं राहतात. तिथे निभतं, कारण सोबत साठ-सत्तर माणसांचा फड असतो. मामांचा तांड्याचा मुद्दा पुन्हा इथे येऊन भिडतो.

भाची : रामनवमीला पोहरादेवीला काय होतं, मामा? लाखो लोक येतात. तेलंगणातून, कर्नाटकातून. ट्रॅक्टर, टेम्पो, ट्रक. ट्रॉलीखाली चादर टाकून झोपतात, तीन दगडांवर लापशी शिजवतात. कोण विचारतं, तुमचा पत्ता काय? त्या दिवसांत आख्खं माळरान मुक्कामाचं होतं.

मामा : तिथं सेवाभायाच्या पायाशी सगळे आपलेच राह्यतात. म्हणून होते.

भाची : पण होतं ना? पंचायत पाण्याचे टँकर लावते, तात्पुरते संडास उभे करते, दिवे लावते. म्हणजे करता येतं. वर्षातले चार दिवस जमतं ते दर तालुक्यात दहा गाड्यांपुरतं बारा महिने का जमू नये? एसटी स्टँडच्या मागे जागा पडून असते. एक नळ, एक मीटर, मैला रिकामा करायला एक झाकणाचा खड्डा. रात्रीचे शंभर रुपये घ्या. ऊसतोडीच्या वाटेवरच्या ट्रॉल्या पण थांबतील, बायकांना अंघोळीला आडोसा मिळेल.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे विचारलं ते मेकॅनिकचे प्रश्न होते. नळ किती इंची, खड्डा कोण उपसणार, मीटर कोणाच्या नावावर. भाचीनं वहीच काढली. तिच्या आधीच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा हे बोलणं मला अधिक वजनदार वाटलं. स्वतःच्या गाडीसाठी ती जे मागत होती, ते आता ट्रॉलीत झोपणाऱ्या बाईसाठीही मागत होती. पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, पंतप्रधान आले होते. समाजाचा इतिहास जपला जातो आहे, याचा मला आनंद आहे. त्याच तालुक्यात फिरत्या माणसासाठी पाण्याचा एक नळ असलेला मुक्काम उभा राहिला, तर तोही त्याच इतिहासाचा भाग होईल, आणि आजच्या माणसाच्या उपयोगी पडेल.

मामा : ते होईल तेव्हा होईल. तुझी गाडी घ्यायचीच असंल तं माझ्या अटी ऐक. आरसी तुझ्या नावावर झाल्याबिगर पैसे द्यायचे नाहीत. नागपूरले मी येतो, खाली मी शिरतो. सांगाडा सडका निघाला तं परत फिरायचं, हट्ट करायचा नाही.

भाची : कबूल.

मामा : जून ते सप्टेंबर गाडी माझ्या वावराच्या बांधावर उभी राहील. चाकाखाली फरशी टाकून देतो, काळ्या मातीत रुतली तं जेसीबीनंही निघणार नाही. त्या चार महिन्यांत जेवण घरात.

भाची : झोपणं गाडीत.

मामा : झोप गाडीत. अन् मतदार यादीत नाव पुण्यातून काढून इथं लाव.

भाची : ते नाही मामा. पुण्यात माझी कंपनी आहे, दवाखाना आहे, सगळे कागद तिथले आहेत.

मामा : मंग पुण्यात कोणाच्या पत्त्यावर लावतं? खोली तं सोडून राह्यली.

हा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. मैत्रिणीच्या पत्त्यावर, असं भाची म्हणाली. मामांना ते मुळीच पटलं नाही, आणि दोघं पुन्हा गोरबोलीत भांडू लागली.